ऊन की ठिपके

माझ्या दुकानासमोर रोज दुपारी एक पांढरी व्हॅन येऊन उभी राहते. लाँड्रीवाल्याची. दुकान त्याचं शेजारी, पण गाडी मात्र माझ्या दारात. त्याच्याशी भांडता यावं म्हणून मी जेवण लवकर आटपते, असं माझा नवरा सगळ्यांना सांगत फिरतो, आणि त्यात फारसं खोटं नाही. माझ्या नाकावर राग असतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तरी अलीकडे मी त्या व्हॅनवाल्याला बोलावून चहा पाजते, तेव्हा लोक विचारतात, आज सूर्य पश्चिमेला उगवला का? उगवला नाही, पण प्रश्न सूर्याचाच होता.

माझं दुकान म्हणजे फोटो स्टुडिओ. पासपोर्टचे फोटो, ओळखपत्राचे फोटो, क्वचित एखाद्या बाळाचा. एक खुर्ची, तिच्यामागे पांढरा पडदा, दोन बाजूंना दोन दिवे. माझं सगळं कसब एवढंच की चेहऱ्यावर सावली पडू द्यायची नाही. कानामागे जरा काळं दिसलं तरी फोटो परत येतो आणि गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसतं.

दुकानाच्या वरच आमचं घर. मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले आणि त्यांनी लांब लेन्सचा कॅमेरा घेतला. घरामागे पाण्याची उंच टाकी आहे आणि टाकीच्या पलीकडे जुन्या झाडांची राई. बाबा उजाडताच दुर्बीण गळ्यात अडकवून तिकडे जायचे ते जेवायलाच परत यायचे. मलाही ते बरं होतं, कारण घरात असले की ते दुकानात येऊन बसतात आणि माझ्या गिऱ्हाइकांना सांगतात, "हनुवटी वर करा, आणि केस एकदा विंचरून घ्या."

गावात पक्षी बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्याचे अध्यक्ष आमचे काका, म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांच्या हातात पहिली दुर्बीण बाबांनीच दिली होती. पुढे काकांनी मंडळ काढलं, अध्यक्ष झाले आणि गुरूची विद्या गुरूलाच शिकवायला लागले.

वर्षातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये मंडळ जमतं आणि ज्याने त्याने आपले फोटो पडद्यावर दाखवायचे असतात. गेल्या वर्षी बाबांनी एकच फोटो नेला होता, निळ्या माशीमाराच्या पिल्लाचा. माशीमार म्हणजे चिमणीहूनही लहान पक्षी, फांदीवरून झेप घेऊन उडत्या माश्या टिपतो. तो आमच्या राईत पाहुणा म्हणून येतो, चार दिवस राहतो आणि पुढे निघून जातो, असं सगळे धरून चालले होते. बाबांचं म्हणणं, पाहुणा कसला, तो इथलाच आहे, इथेच घरटं करतो. पुरावा काय, तर हे पिल्लू. मोठा माशीमार निळा, त्याच्या अंगावर औषधालाही ठिपका सापडायचा नाही. पिल्लू मात्र घरट्यातून बाहेर पडतं तेव्हा तपकिरी असतं आणि त्याच्या डोक्या-पाठीवर, छातीवर फिकट ठिपके असतात. थोडे दिवस गेले की ती पिसं झडतात आणि ठिपके जातात.

काकांनी तो फोटो पडद्यावर मोठा केला, अजून मोठा केला आणि म्हणाले, "दादा, हे ऊन आहे."

राईत ऊन सरळ खाली येतच नाही. पानापानांतून गळत येतं, आणि त्या फोटोत ते जिथे तिथे सांडलं होतं. "तुझ्या फोटोत या पानालाही ठिपके आहेत," काका म्हणाले. "हेही माशीमाराचं पिल्लूच का?"

हॉल हसला. मागून कोणीतरी 'ठिपके गुरुजी' म्हणालं आणि ते नाव बाबांना कायमचं चिकटलं. बाबा तसेच उठले. घरी आले, दुर्बीण दाराजवळच्या खुंटीला अडकवली, कॅमेरा कपाटात ठेवला आणि टीव्ही लावला. त्यानंतर टीव्ही बंदच झाला नाही. राईत का जात नाही असं विचारलं की म्हणायचे, "गुडघे दुखतात." वर्षभर ते गुडघे बातम्या बघत बसले. चांगला बोलका माणूस डोळ्यांदेखत मिटत चालला होता, आणि मला काकांचा असा संताप यायचा की सांगता सोय नाही. पण आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कोणाला?

या वर्षी एका सकाळी टीव्हीवर चौघं जण एकदम ओरडत होते आणि बाबांनी आवाज बंद केला. मागच्या खिडकीतून एक बारीक शीळ ऐकू आली. थांबली, पुन्हा आली. बाबांची मान खिडकीकडे वळली होती.

"बाबा, आला का तो?"

"कोण?" त्यांनी आवाज पुन्हा वाढवला. ताकास तूर लागू देतील तर शपथ.

मी कपाट उघडून त्यांचा कॅमेरा काढला. मनात म्हटलं, मंडळ भरायला अजून अवकाश आहे. त्या हॉलमध्ये, त्याच पडद्यावर, बाबांचे ठिपके खरे करून दाखवले नाहीत तर मी नावाची फोटोग्राफर नाही.

"कुठे निघालीस?"

"राईत."

"का? पक्ष्यांना पासपोर्ट काढायचेत?"

"तुम्ही येता?"

"गुडघे."

"मग मी चालले."

दारापर्यंत पोचले तशी मागून हाक आली. "अगं, घरटं दिसलं तरी जवळ जायचं नाही. पिल्लाच्या जिवावर फोटो नको मला. आणि तो फ्लॅश इथेच ठेवून जा." फ्लॅश माझ्या पिशवीत होता. मी गुपचूप काढून टेबलावर ठेवला.

इतकी वर्षं उजेड मुठीत ठेवलेली बाई मी. राईत त्या उजेडाने माझं पाणी जोखलं. एक पान लखलखतंय, शेजारचं काळंकुट्ट. वारा आला की लखलखणारं काळं, काळं ते लखलखणारं. कॅमेऱ्याला सगळीकडे अंधार दिसतो म्हणून तो आपल्या शहाणपणाने भरपूर उजेड आत घेतो, आणि पक्ष्याच्या अंगावर जिथे कवडसा पडलाय तिथे नुसतं पांढरं भोक पडतं. ना पीस दिसत ना रंग. पहिल्या दिवशी मी पोतंभर फोटो काढले आणि एकही धड नव्हता.

बाबांनी ते टीव्हीसमोर बसल्या बसल्या बघितले. "कॅमेऱ्याचं ऐकू नकोस. सगळ्यांत उजळ कवडसा धर आणि त्याच्या हिशेबाने उजेड कमी कर. बाकी काळं पडलं तर पडू दे. काळ्यातून नंतर काहीतरी वर काढता येतं. पांढऱ्या फटक डागातून काय काढणार, कपाळ?"

"तुम्हीच या की मग दाखवायला. उंटावरून शेळ्या हाकताय."

"उंटावरून नीट दिसतं," असं म्हणून त्यांनी पुन्हा बातम्यांत डोकं घातलं.

पण त्यांचं ऐकलं आणि फोटो सुधारले. चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लूही सापडलं. एका वाकलेल्या झाडाची आडवी फांदी होती, त्या फांदीवर ते फुगून बसायचं, आखूड शेपटीचं, चोचीच्या कडा अजून पिवळ्या. आईबाप तिथेच येऊन भरवायचे, म्हणून ते जागचं हलायचं नाही. मी लांब एका बुंध्याआड बसून फोटो काढले. डोळ्यातला चमकता बिंदूसुद्धा आला. नाचतच घरी आले.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघितला. पिल्लावर ठिपके होते. फांदीवर ठिपके होते. पानांवर ठिपके होते.

"मला दिसताहेत खरे कुठले ते," बाबा म्हणाले.

"मलाही दिसताहेत. पण काकांना?"

"राईतला प्रत्येक कवडसा गोल असतो. पानांमधली फट तिरकी असो, वाकडी असो, खाली पडतं ते सूर्याचं चित्र. म्हणून गोल. ठिपक्यासारखाच." त्यांनी फोटो मला परत दिला. "नाही, हा पुरावा नाही होत. धाकटा पुन्हा तेच म्हणेल, आणि या फोटोवर तरी त्याला खोटं कसं म्हणू?"

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मला तोंडात मारल्यासारखं झालं, कारण बोलणं खरं होतं.

मग मी काय काय करून बघितलं! ऊन यायच्या आधी गेले, तर इतका अंधार की पिल्लू म्हणजे नुसता धुरकट गोळा. ढगाची वाट बघितली, तर आभाळ घासून पुसून ठेवलेलं. फांदीच्या बऱ्याच वर, दोन झाडांमध्ये चादर बांधायला घेतली, तर माशीमार जोडप्याने असा काही कालवा केला की मी चादर ओढून पळाले. त्या दिवशी बाबा माझ्याशी जेवतानाही बोलले नाहीत.

आणि मग ती ठिपक्यांच्या शर्टवाली बाई दुकानात आली. दुपारी माझ्या दुकानात समोरून ऊन येतं म्हणून मी शटर अर्धं ओढून घेते. शटर जाळीचं, भोकाभोकांचं. बाई खुर्चीवर बसली आणि ऊन त्या भोकांतून तिच्या अंगावर पडलं. निळा शर्ट, त्याला पांढरे ठिपके, त्यावर उन्हाचे ठिपके. पडद्यावरही ठिपके. शर्टाचे कुठले आणि उन्हाचे कुठले, देवाला माहीत.

एवढ्यात बाहेर कचकन ब्रेक लागला. व्हॅन. माझ्या दारात. मी भांडायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. व्हॅनने ऊन अडवलं होतं. पडदा पांढरा स्वच्छ. खुर्ची स्वच्छ. बाईच्या हातावरचे, गळ्यावरचे डाग गेले. शर्टावर मात्र शर्टाचे ठिपके जसेच्या तसे.

"अहो बाई!" मी किंचाळलेच. "गेलं की हो ऊन!"

"फोटो चांगला आला का?" ती घाबरून म्हणाली.

"काढलाच नाही अजून. बसा हं, हलू नका," असं म्हणून मी तिला तशीच सोडून जिना चढून वर धावले.

"बाबा! राईसमोर व्हॅन उभी करायची!"

"राईत रस्ता कुठाय?"

"व्हॅन नाही हो, काहीतरी मोठं. उन्हाच्या आड येईल असं. पिल्लाला हलवायचं नाही, झाडाला हात लावायचा नाही. नुसतं ऊन काढून घ्यायचं. ऊन गेल्यावर जे अंगावर राहील ते पिल्लाचं!"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टीव्ही बंद केला. आवाज नव्हे, टीव्ही. वर्षभरात पहिल्यांदा. ते उठून मागच्या खिडकीशी गेले.

"टाकी," ते म्हणाले.

पुढचा अर्धा तास आमच्या जेवणाच्या टेबलावर भूगोलाचा तास भरला. पाण्याचा तांब्या म्हणजे टाकी, माझ्या हातातला टॉर्च म्हणजे सूर्य, इकडे तिकडे सांडलेल्या मूठभर मनुका म्हणजे राई. "टॉर्च खाली आण. हळू. बघ, सावली अशी सरकते. रोज दुपारनंतर टाकीची सावली राईवरून फिरते. तुझी फांदी कुठे? इथे? मग चारच्या सुमाराला सावली तिच्यावर येणार." त्यांचा आवाज खणखणीत झाला होता. "आधी उन्हात फोटो, मग सावली येताना, मग पूर्ण सावलीत. तेच पिल्लू, तीच फांदी. कॅमेरा तिवईवर ठेव आणि तिला जागची हलवू नकोस."

"तुम्ही या ना, बाबा."

त्यांनी खुंटीवरच्या दुर्बिणीकडे पाहिलं. "गुडघे," ते म्हणाले, पण या वेळी जरा थांबून.

खाली ती बाई अजून हनुवटी वर करून बसली होती. मी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत.

त्याच दिवशी गेले. पिल्लू फांदीवर होतं. सावली बाबांनी सांगितली तशी आली आणि मी जीव खाऊन बटण दाबत राहिले. घरी येऊन बघते तो उन्हातले फोटो झकास, आणि सावलीतले सगळे इतके काळे की वर काढायलाही काही नाही. उन्हासाठी उजेड कमी केला होता, सावली आल्यावर वाढवायचाच राहिला! दिव्यांच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला उजेड मध्येच जातो हे सुचतच नाही. मी कपाळावर हात मारला.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी उन्हातला फोटो मोठा केला आणि पिल्लाच्या डोक्यावर बोट ठेवलं. "इथली पिसं झडायला लागलीत. आता फार दिवस नाहीत हे ठिपके." पुढे हळूच म्हणाले, "नाही जमलं तर राहू दे हं. तू केलंस तेवढं खूप झालं."

हे ऐकून मला रात्रभर चैन पडलं नाही. राहू दे म्हणे!

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर पूर्ण खाली ओढलं. बाहेर दोन गिऱ्हाइकं ओरडत होती, त्यांना ओरडू दिलं. बुंध्याआड बसले, तिवई पक्की केली. पिल्लू होतं. कवडसा त्याच्या छातीवर, एक पंखावर, एक शेपटीशी. सगळ्यांत उजळ कवडसा धरला, उजेड कमी केला. दाबलं. पाय मुंग्यांनी भरला, एक खरीखुरी मुंगी मानेवरून आत शिरली, मी हलले नाही.

मग राईच्या त्या टोकापासून पानं मिटत आल्यासारखी वाटली. सावली येत होती. फांदीच्या बुडावरचा कवडसा मंद झाला, विझला. पुढचा. त्याच्या पुढचा. माझा अंगठा कॅमेऱ्याच्या उजेडाच्या चाकावर होता. सावली जितकी पुढे येईल तितका उजेड वाढवत गेले, एकेक खटका. शेपटीशी असलेला कवडसा गेला. पंखावरचा गेला. छातीवरचा गेला. पानं नुसती हिरवी, फांदी नुसती करडी. आणि पिल्लू? पिल्लाच्या डोक्यावर, पाठीवर, छातीवर ठिपके! बारीक, फिकट, रांगेत बसलेले, कोणाच्या बापाला पुसता येणार नाहीत असे!

आणि मी दाबत असतानाच निळ्या रंगाची एक झेप आली. बाप. चोचीत माशी. पिल्लाने आ केला, पंख थरथरवले, आणि त्या एकसारख्या, शांत सावलीत बापाने आपल्या ठिपकेवाल्या लेकराला भरवलं. बाप पाहुणा नव्हता, इथलाच होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण बटणावरचं बोट मी उचललं नाही.

बाबांनी ते फोटो पुढे-मागे, पुढे-मागे करत बघितले. मग चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "जरा पुसून दे. काही दिसेना." आणि पुसून दिला तेव्हा डोळे मिचकावून म्हणाले, "धाकट्याला अवाक्षर बोलायचं नाही."

मंडळाच्या दिवशी हॉल भरला होता. काका लॅपटॉपशी बसले होते, फोटो पुढे सरकवायचं यंत्र त्यांच्या हातात. बाबांचं नाव पुकारताच मागून कुजबुज झाली, तेच नाव, तोच हशा. बाबा उठलेसुद्धा नाहीत. "धाकट्या, तूच दाखव," ते जागेवरून म्हणाले.

पहिला फोटो आला. ऊन आणि ठिपके, ठिपके आणि ऊन. काकांनी सुस्कारा सोडला. "दादा, पुन्हा ऊन?"

"हो, ऊन आहेच. पुढचा."

पुढच्या फोटोत फांदीचं बूड काळवंडलं होतं. "पुढचा," बाबा म्हणाले. "पुढचा." कवडसे एकेक करून मेले. हॉलमधली खुसखुस थांबली. शेवटचा कवडसा गेला, पानं कोरी झाली आणि पिल्लू ठिपक्यांसकट पडद्यावर बसलेलं राहिलं.

"आता मागे," बाबा म्हणाले. "आता पुढे. पुन्हा मागे. आता पुढे."

काका यंत्र दाबत राहिले. वर्गात फळ्यापाशी उभं केलेल्या मुलासारखे दिसत होते. पाचव्यांदा मागे-पुढे झालं तेव्हा पुढच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने म्हणायला लागलं, "ऊन... गेलं!" आणि मग अर्धा हॉल. "ऊन... गेलं!"

"आता शेवटचा," बाबा म्हणाले.

निळा बाप, उघडी चोच, ठिपकेवालं पिल्लू. बाबा आता उठले. गुडघ्यांवर हात न ठेवता उठले, मी बघत होते.

"धाकट्या, पानाला ठिपके आहेत का रे?"

"नाहीत, दादा."

"पिल्लाला?"

काकांनी यंत्र टेबलावर ठेवलं. ते पडद्याजवळ गेले, अगदी जवळ, आणि वळले तेव्हा त्यांचा चेहरा लहान भावाचा होता, अध्यक्षांचा नव्हता. "आहेत. मी चुकलो, दादा. गेल्या वर्षीही होते."

हॉल असा काही उसळला की माझ्या कानठळ्या बसल्या. लोक खुर्च्यांवरून उठून टाळ्या वाजवत होते. मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, सूनबाई असून मारली, आणि पुन्हा मारली. 'ठिपके गुरुजी' असं कोणीतरी ओरडलं, आणि या वेळी बाबांनी हात वर करून ते नाव स्वीकारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटी रिकामी होती. मी थर्मासमध्ये चहा भरला आणि राईत गेले. दोघे भाऊ माझ्याच बुंध्याआड खांद्याला खांदा लावून बसले होते.

"गुडघे कसे आहेत, बाबा?"

"कुठले गुडघे?"

एवढ्यात काकांनी त्यांची बाही धरली. "दादा! दादा, ती वरची फांदी! पाठीवर पांढरे ठिपके आहेत, काहीतरी नवीनच दिसतंय!"

बाबांनी सावकाश दुर्बीण लावली. सावकाश बघितलं. सावकाश खाली घेतली.

"ऊन आहे," ते म्हणाले, आणि चहासाठी कप माझ्यापुढे केला.